न दुखणारा काटा

१९९० सालच्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. केंद्र सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतच्या थकीत शेतीकर्जांना माफी जाहीर केली होती आणि नगर रस्त्यावरच्या आमच्या शाखेत याद्या करण्याचे काम रात्री उशिरापर्यंत चालत असे. माफी सरसकट नव्हती. ऐपत असूनही ज्याने कर्ज थकवले, त्याला ती मिळणार नव्हती. खरोखर नडलेला कोण आणि मुद्दाम थकवणारा कोण, हे आम्हा शाखेतल्या अधिकाऱ्यांनी ठरवायचे होते. मी तेव्हा तिशीचा होतो. माणूस पाहिला की खाते कळते, असा मला विश्वास होता.

सणसवाडीच्या माळावर एका धनगराकडे गेलो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून त्याला दहा शेळ्या आणि एका बोकडासाठी कर्ज दिलेले होते. वाड्याभोवती हिवराच्या आणि बाभळीच्या फांद्यांचे काटेरी कुंपण होते, आत चारच शेळ्या उरल्या होत्या. उजव्या पायाला फडके गुंडाळलेला तो गडी काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी चालत, माझ्यापर्यंत आला. पाय घोट्याखाली फुगलेला दिसत होता. मी विचारले, "काय झालं पायाला?"

"काटा मोडला व्हता सायेब. लई वरसं झाली."

"दुखतो का?"

"न्हाई. दुखत न्हाई, नुसता जड लागतो."

दुखत नाही, माणूस हिंडता-फिरता आहे, शेळ्या विकलेल्या आहेत. मी नोंदवहीत त्याच्या नावापुढे जो शेरा लिहिला त्याचा अर्थ एवढाच होता, की याने कर्ज मुद्दाम थकवले आहे. तो माफीच्या यादीत आला नाही. दोन वर्षांनी त्याची बायको शाखेत आली. तिने पदराच्या गाठीतून नोटा काढून हप्ता भरला आणि जाता जाता सांगितले, की मालकाचा पाय पुण्याच्या इस्पितळात गुडघ्याखाली कापला. "काळ्या मोहऱ्यांवानी दाणं निघायचं त्यातनं," ती म्हणाली. "डाक्टर म्हणलं, उशीर केला."

पुढे कित्येक वर्षांनी एका कादंबरीसाठी माहिती गोळा करताना मी हा प्रसंग एका डॉक्टर मित्राला सांगितला. 'काळे दाणे' हे शब्द ऐकताच तो म्हणाला, "मायसेटोमा. मदुरा फूट." म्हणजे ज्या रोगाचे पहिले वैशिष्ट्यच हे, की तो दुखत नाही, त्याच्या रुग्णाला मी 'दुखत नाही' म्हणून नापास केले होते. त्या दिवसापासून या रोगाविषयी जे हाती लागेल ते मी वाचत आलो. आज ते वाचकांसमोर मांडावेसे वाटते. एक तर हा रोग आपल्या पायाखालच्या मातीतला आहे. आणि दुसरे, त्याला आजही आपल्याकडे हवी तशी नोंदवही मिळालेली नाही.

वारुळासारखा पाय

रोग जुना आहे. सुश्रुतसंहितेत 'वल्मीक' नावाच्या विकाराचे वर्णन आहे. वल्मीक म्हणजे वारूळ. तळहात, तळपाय, सांधे अशा जागी हळूहळू वाढणारी, वारुळासारखी उंचसखल गाठ आणि तिला अनेक तोंडे, त्यांतून वाहणारा स्राव. मायसेटोमाचा पाय पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या वर्णनाची गरज पडू नये. पाश्चात्त्य वैद्यकात त्याची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मदुराईच्या दवाखान्यातून झाली. १८४२ साली गिल नावाच्या डॉक्टरने तो वर्णिला, १८४६ साली कोलब्रुकने लिहिले आणि तेव्हापासून 'मदुरा फूट' हे नाव चिकटले.

पण हा रोग कशाने होतो, हे मुंबईत उमगले आणि त्याचा मान जातो हेन्री व्हँडाइक कार्टर या शल्यवैद्याकडे. वैद्यकाचा कोणताही विद्यार्थी ज्याच्याशिवाय पुढे सरकत नाही, त्या 'ग्रेज ॲनाटॉमी' ग्रंथातल्या आकृत्या याच कार्टरने काढल्या. ग्रंथ १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, नाव ग्रेचे झाले आणि त्याच वर्षी कार्टर मुंबईला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शिकवू लागला. पुढे साताऱ्यालाही सिव्हिल सर्जन होता. कापलेल्या पायांतले ते दाणे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि ही बुरशी आहे, असे ओळखले. १८६०-६१ च्या सुमारास त्याने रोगाला 'मायसेटोमा', म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव दिले आणि १८७४ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एखादा जंतू माणसाला रोग देऊ शकतो, ही कल्पनाच तेव्हा वैद्यकात पुरती रुजायची होती.

कार्टरनंतर कळले ते असे. पायात दिसणारी गाठ एकसारखी असली तरी कारणे दोन प्रकारची असतात. काही गाठी खऱ्या बुरशीच्या असतात. 'मदुरेला मायसेटोमाटिस' ही त्यांतली सर्वांत बदनाम बुरशी. काही गाठी बुरशीसारख्या धाग्यांनी वाढणाऱ्या जीवाणूंच्या असतात. 'ॲक्टिनोमदुरा' आणि 'नोकार्डिया' ही त्यांची घराणी. दाणे काळे निघाले तर बुरशी, लाल निघाले तर जीवाणू. पांढरे-पिवळे असले तर दोहोंपैकी काहीही असू शकते. हा फरक पुस्तकी नाही. जीवाणूंची गाठ प्रतिजैविकांनी बऱ्याच वेळा पूर्ण बरी होते. बुरशीच्या गाठीला महिनोन् महिने, कधी वर्षभराहून अधिक काळ औषध लागते, बरोबर शस्त्रक्रिया लागते आणि उशीर झाला तर पाय जातो. म्हणून गाठीचा तुकडा तपासून निदान करणे, ही पहिली पायरी.

कोरड्या मातीतला रहिवासी

बुरशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ओल येते. पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीवर धरलेली पांढरी साय, कोकणातल्या घरांच्या भिंती, चामड्याच्या चपलेवरचा हिरवट थर. मग अवर्षणाच्या मुलखात, जिथे जमीन भेगाळलेली असते, तिथे बुरशीने रोग करावा हे कसे?

उत्तर असे, की कोरडा मुलूख म्हणजे बुरशीविरहित मुलूख नव्हे. तिथे टिकणाऱ्या बुरशा निराळ्या असतात. मायसेटोमाचा पट्टा पृथ्वीच्या नकाशावर स्थूलमानाने दक्षिणेच्या पंधराव्या आणि उत्तरेच्या तिसाव्या अक्षांशांदरम्यान येतो. त्यातही तो दाट दिसतो तो वर्षाकाठी ५० ते १००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, थोडके महिने ओल आणि उरलेले वर्ष रखरखाट अशा प्रदेशांत. सुदान, सेनेगल, मेक्सिको, राजस्थान. आजवर जगभर प्रसिद्ध झालेल्या रुग्णनोंदी एकत्र केल्या तर सर्वाधिक नोंदी मेक्सिको, सुदान आणि भारत या तीन देशांतल्या भरतात.

आता आपला नकाशा काढा. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो आणि पुण्याच्या पूर्वेला, वाघोली ओलांडून शिरूर-दौंडकडे निघालो, की ढग नुसते वरून जातात. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. मुरमाड माळ, वर पातळ मातीचा थर, हिवर, बाभूळ, बोर, आणि अलीकडे सगळीकडे माजलेली वेडी बाभूळ. चासकमानचे पाणी आले, घोडचे आले, ऊस आला. पण माळ तो माळच. रोगाला आवडणारे हवामान, काटे आणि अनवाणी पाय या तिन्ही गोष्टी या भागात जुन्या.

ही बुरशी मातीत नेमकी कुठे राहते, याचा शोध अजून चालू आहे. सुदानमधल्या रोगग्रस्त गावांतली माती आणि काटे तपासले तेव्हा मातीच्या बऱ्याच नमुन्यांत आणि एका काट्यावर मदुरेलाची जनुकीय खूण सापडली. मात्र मातीतून जिवंत बुरशी वाढवून दाखवणे अवघड ठरले. मग संशोधकांनी तिचे गोत्र तपासले, तर तिची जवळची भावंडे शेणावर वाढणारी निघाली. तेव्हापासून एक तर्क पुढे आला, की नुसती माती हे तिचे घर नसावे. गुरांच्या गोठ्यातले, शेणामुताने समृद्ध झालेले आवार तिला अधिक मानवत असावे. हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो माळावरचा वाडा उभा राहिला. लेंड्यांचा थर, भोवती काट्यांचे कुंपण आणि त्यात दिवसातून दहा वेळा ये-जा करणारे अनवाणी पाय. काटा म्हणजे सुईच. ती आधी मातीत बुडते आणि मग माणसात.

काटा मोडणाऱ्या प्रत्येकाला हा रोग होतो, असे मुळीच नाही. तसे असते तर अर्धा महाराष्ट्र पांगळा झाला असता. शेकडो काट्यांतला एखादाच असा निघतो. पण ज्याच्या वाट्याला तो येतो, तो बहुधा ऐन कमावत्या वयातला, शेतात किंवा गुरांमागे राबणारा माणूस असतो. गाठ वर्षानुवर्षे वाढते, हाडात शिरते, आणि दुखत नाही म्हणून कामाच्या रगाड्यात तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

त्यांनी मोजले, म्हणून

माझा एक भाचा अमेरिकेत ॲरिझोना राज्यात असतो. काही वर्षांपूर्वी त्याला खोकला आणि ताप आला आणि महिना झाला तरी हटेना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्याआधी एक प्रश्न विचारला, "अलीकडे धुळीत काम केलंत का?" त्याने परसात खड्डे खणून झाडे लावली होती. रक्त तपासले आणि रोगाचे नाव निघाले व्हॅली फीव्हर. 'कॉक्सिडिऑइडिस' नावाची बुरशी ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या जमिनीत राहते. पावसात ती मातीत धाग्यांनी वाढते, अवर्षणात ते धागे सुकून तुटतात, आणि खणताना किंवा वादळात उडालेल्या धुळीबरोबर त्यांचे कण छातीत जातात. ही बुरशी अमेरिका खंडांचीच रहिवासी आहे, आपल्याकडची नाही. भाचा औषधाने बरा झाला. पण मला नवल वाटले ते त्या पहिल्या प्रश्नाचे.

तो प्रश्न आकाशातून पडलेला नाही. १९७७ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात मोठे धुळीचे वादळ झाले आणि एरवी हा रोग नसलेल्या भागांतही रुग्ण निघाले. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात डोंगर खचून धूळ उठली आणि व्हेंचुरा परगण्यात दोनशेवर रुग्ण झाले, तिघे दगावले. २०११ ते २०१४ या काळात तिथल्या सौरऊर्जा प्रकल्पांच्या खोदकामावर ४४ मजूर आजारी पडले. हे सारे मोजले गेले, कारण हा रोग आढळला की कळवायचे, असा तिथे नियम आहे. २०२४ साली एकट्या कॅलिफोर्नियात बारा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. आणि मोजणीतून कायदा निघाला. २०१९ साली कॅलिफोर्नियाने ठरवले, की रोग जास्त असलेल्या परगण्यांत बांधकामाच्या मालकाने मजुरांना या रोगाची लक्षणे आणि धुळीपासून बचाव कसा करायचा हे शिकवलेच पाहिजे.

आपणही मोजू शकत नाही असे नाही. २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी आली. वस्तुतः म्युकरच्या बुरशा मातीत, पालापाचोळ्यात, उकिरड्यात नेहमीच असतात. भारतातल्या आंब्याच्या बागेतल्या मातीतून या कुळातली एक नवीच बुरशी १९७९ साली सापडली होती. पण मधुमेह, स्टेरॉइडचा मारा आणि करोना एकत्र आले आणि घराघरांतल्या माणसांचे डोळे, जबडे जाऊ लागले. केंद्राने राज्यांना हा रोग नोंदणीयोग्य करायला सांगितले आणि दोन महिन्यांत चित्र समोर आले : देशात पंचेचाळीस हजारांहून अधिक रुग्ण, चार हजारांहून अधिक मृत्यू आणि सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात. आकडे कळले म्हणून औषधाचे वाटप करता आले. त्या बुरशीने शहरातल्या दिवाणखान्यांत धडक मारली होती, म्हणून तिची नोंद झाली. माळावरच्या पायाची धडक कुठेच ऐकू जात नाही.

उसाचे पाते आणि फवारणीचे बिल

मातीतली बुरशी पायातूनच येते असे नाही. दौंड-शिरूरच्या ऊसपट्ट्यात तोडणीच्या दिवसांत उसाचे पाते डोळ्याला लागणे ही रोजची बाब. बुबुळावर ओरखडा येतो आणि त्यावाटे फ्युजेरियम किंवा ॲस्परजिलस या जातीच्या, मातीत आणि पाचटावर राहणाऱ्या बुरशा आत जातात. दोन-चार दिवसांत बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. तोवर कुणी दूध घातलेले असते, कुणी कुसळ काढायला जाणत्या बाईकडे गेलेले असते, कुणी दुकानातून लाली जाण्याचे थेंब आणलेले असतात. त्या थेंबांत स्टेरॉइड असले तर बुरशीला मोकळे रानच मिळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह दक्षिणेत झालेल्या चाचणीने दाखवले, की या व्रणावर नॅटामायसीन हे जुनेच थेंब नव्या महागड्या औषधापेक्षा सरस आहेत. म्हणजे पायाच्या रोगाला जिथून नाव मिळाले, त्या मदुराईनेच डोळ्याच्या रोगाला उत्तर दिले.

त्याहून सोपे उत्तर नेपाळातल्या भक्तपूरने दिले. तिथे खेड्यातल्या स्वयंसेवकांनी डोळ्याला ओरखडा आलेल्या माणसांना लगेच साधे प्रतिजैविक मलम घालायला सुरुवात केली. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अठरा तासांच्या आत ज्यांना मलम मिळाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. बीड-अहिल्यानगरहून येणाऱ्या ऊसतोडणी टोळ्यांच्या मुकादमाकडे उचलीचा हिशेब पैशापैशाचा असतो. त्याच पेटीत एक मलमाची ट्यूब आणि जवळच्या नेत्ररुग्णालयाचा पत्ता ठेवायला किती खर्च येईल?

बँकेच्या माणसाला बिले वाचण्याची खोड असते, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. कृषी सेवा केंद्राच्या बिलावर हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही नावे दिसतात. पिकांवरच्या बुरशीसाठी ती फवारली जातात. औषधाच्या दुकानातल्या बिलावर इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल दिसतात. ती माणसाच्या बुरशीसाठी. शेवटची अक्षरे एकच, कारण घराणे एकच. मातीत पडलेल्या बुरशांना फवारणीतल्या औषधाची सवय लागली, तर माणसाच्या औषधालाही त्या दाद देईनाशा होतात. ॲस्परजिलसच्या बाबतीत हे प्रथम नेदरलँड्समध्ये ध्यानात आले आणि २०१२ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या शेतजमिनींत आणि बागांतही अशा निर्ढावलेल्या बुरशा असल्याचे दाखवले. फवारणी बंद करा, असे म्हणणाऱ्याने आधी कांद्यावर करपा पडलेला पाहावा. पण गरज नसताना, दुकानदार म्हणतो म्हणून मारलेली प्रत्येक फवारणी आपण आपल्याच दवाखान्याच्या खात्यातून उचल म्हणून घेत असतो, हे शेतकऱ्याला कुणीतरी सांगायला हवे.

खार्टूमची जळालेली नोंदवही

मायसेटोमाला जगाच्या यादीत जागा मिळाली ती सुदानमुळे. १९९१ साली, म्हणजे मी माझा शेरा लिहिल्याच्या पुढच्या वर्षी, खार्टूममध्ये प्राध्यापक अहमद हसन फहाल यांनी या एकाच रोगासाठी संशोधन केंद्र उभे केले. गरीब देशातल्या त्या केंद्राने हजारो रुग्ण तपासले, नमुने जपले, गावोगाव फिरून पाय पाहिले. सुदानच्याच आग्रहाने २०१६ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने ठराव केला आणि मायसेटोमा 'उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगां'च्या यादीत आला. २०२२ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने रोगकारक बुरशांची पहिली अग्रक्रमयादी काढली. तिच्यातल्या १९ बुरशांच्या गटांत मायसेटोमाच्या बुरशा आणि म्युकर दुसऱ्या, म्हणजे उच्च अग्रक्रमाच्या, श्रेणीत आहेत.

याच खार्टूमच्या केंद्रात फॉसरावुकोनॅझोल या नव्या औषधाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ साली आले. इट्राकोनॅझोलहून ते वरचढ ठरले नाही, पण ते रोज न घेता आठवड्यातून एकदा घेतले तरी चालते. शहरात हा फरक किरकोळ वाटेल. ज्याला औषधासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागते, त्याला विचारा. गोळ्या वर्षभर घ्यायच्या असतील तर त्याचे औषध त्या मजुरीपाशीच तुटते.

आणि मग २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानात यादवी पेटली. युद्धात ते केंद्र उद्ध्वस्त झाले आणि चार दशकांचा नमुन्यांचा आणि नोंदींचा संग्रह गेला. २०२५ साली ही बातमी वाचली, तेव्हा मला शाखेतल्या जाड, लाल पाठीच्या खतावण्या आठवल्या. एक खतावणी हरवली तर शाखा महिनाभर झोपत नसे. इथे एका रोगाच्या मानवजातीने ठेवलेल्या सर्वांत मोठ्या खतावणीची राख झाली. जगातले काम आता कुणी पुढे न्यायचे? ज्या देशात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला आणि ज्याच्या नोंदी जगातल्या पहिल्या तिघांत आहेत, त्या देशाने नव्हे काय?

एक रकाना हवा

आपल्याकडे कुष्ठरोगाची राष्ट्रीय मोहीम आहे, हत्तीपायाची आहे, काळ्या आजाराची आहे. मायसेटोमाची नाही. साहजिकच जो रुग्ण येतो, तो ज्या रुग्णालयात आला तिथल्या कागदांत राहतो. एखादे डॉक्टर कळकळीने शोधनिबंध लिहितात, एवढेच. शिरूर तालुक्यात गेल्या दहा वर्षांत असे किती पाय होते, हे विचारायची सोयच नाही. मागणी नाही म्हणून औषध स्वस्त नाही, औषध महाग म्हणून उपचार अर्धवट राहतात आणि नोंद नाही म्हणून मागणी नाही. बँकेत याला आम्ही दुष्टचक्र म्हणत असू, आणि ते तोडायचे तर कुठेतरी पहिली नोंद करावी लागते, हे आम्हाला शिकवले होते.

हे जमते, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. नारू आठवतो? पायातून हातभर लांब किडा बाहेर पडताना आमच्या पिढीने पाहिला आहे. महाराष्ट्रही त्याच्या पट्ट्यात होता. त्यावर लस नव्हती, औषध नव्हते. गावोगाव रुग्ण शोधून काढले, नावानिशी नोंदले, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी फडक्यातून गाळायला शिकवले. १९९६ साली देशातला शेवटचा रुग्ण झाला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. मायसेटोमा तसा मुळापासून उपटता येणार नाही, कारण त्याचे घर मातीत आहे. पण पाय वाचवता येतील.

त्यासाठी फार मोठे काही लागत नाही. राज्याने हा रोग नोंदणीयोग्य करावा. आशाताई घरोघर जातात, त्यांच्या वहीत एक रकाना वाढवावा : काटा-खिळा लागल्याच्या जागी न दुखणारी, वाढत जाणारी गाठ आहे का? असेल तर तुकडा तपासण्याची सोय जिल्हा रुग्णालयात असावी. आणि गुरांमागे, शेतात जाताना पायात बूट असावेत.

सणसवाडी आता ओळखू येत नाही. माळावर कारखाने उभे आहेत, कंटेनरांच्या रांगा लागतात, चाळींतल्या खोल्यांत मराठवाड्यातली, बिहारातली पोरे राहतात. त्यांच्या पायात कंपनीने दिलेले सेफ्टी बूट असतात. गेटबाहेर आले की ते बूट पिशवीत जातात आणि स्लिपर येते, कारण फाटला तर पगारातून कापतील ही धास्ती. त्याच माळाच्या कडेला अजून मेंढरे बसतात. ठेकेदाराचे मजूर पाया खणतात, त्यांच्यातल्या बायकांच्या पायात तर स्लिपरही नसते. माती तीच आहे, तिच्यावर चालणारे पाय बदलले आहेत.

त्या धनगराच्या बायकोने पुढे सगळे कर्ज फेडले. शेवटच्या हप्त्याला तिने पावती नीट घडी करून घेतली आणि मला नमस्कार केला. माझ्या शेऱ्यामुळे तिला माफी नाकारली गेली, हे तिला ठाऊक नव्हते आणि मी सांगितले नाही. पुन्हा लिहायची संधी मिळाली तर त्या रकान्यात मी लिहीन : कर्जदार आजारी, उजव्या पायाला न दुखणारी गाठ, तातडीने पुण्यास पाठवावे. एवढ्या एका ओळीने कदाचित पाय वाचला असता.

वाचकांपैकी पुष्कळांचे गाव असेच कोरड्या मुलखात असेल. दिवाळीला, जत्रेला तुम्ही जाल. शेताकडे बघणारा गडी, गुरांमागची म्हातारी, कुणाच्या पायाला फडके गुंडाळलेले दिसले तर ते सोडायला सांगा. आणि "दुखतं का?" असे विचारू नका. "कधीपासून आहे?" असे विचारा.